कंट्रोलरचं धावण्याचं वर्ष

"जाणं सोपं असतं, परतीचं बोला."

कुणी कसलाही बेत सांगितला की कंट्रोलर मनगटावरचं घड्याळ सदऱ्याच्या बाहीला पुसत आणि हे वाक्य टाकत. बेत गणपतीपुळ्याला पायी जाण्याचा असो, नाहीतर कुणाच्या मुलाने दुबईला नोकरी धरण्याचा असो. पुष्कळांना राग येई. मलाही आला होता, आणि मी काही राग गिळणारी बाई नव्हे.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी आमच्या आळीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. मी प्राथमिक शाळेतली बाई. सत्तेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी भाट्याच्या पुलावरून पळत सुटले. सुरूचं बन मागे पडलं आणि दम संपला तिथे रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. जवळ फोन नाही, पैसे नाहीत. समोरून कंट्रोलर धावत आले. धावत म्हणायचं आपलं. शेजारून एक आजी चालत होत्या, त्या काही मागे पडत नव्हत्या. त्यांनी घड्याळ पुसलं आणि ते वाक्य मला ऐकवलं. मी तोंड वाकडं केलं. पण त्यांनी मला सबंध रस्ता बोलत बोलत घरापर्यंत चालत आणून सोडलं, हेही खरंच.

त्यानंतर मी त्यांच्या कंपूत गेले. आम्ही पाच जण होतो: ते, मी, एक आंबा बागायतदार आणि बँकेत काम करणारं एक जोडपं.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. फराळ होता, पण फराळाआधी कागद आला. जुन्या गाड्यांच्या वेळापत्रकासारखा आखलेला, पट्टीने रेघा मारलेला, प्रत्येकाला एक रकाना. रोजच्या धावण्याला ते फेरी म्हणत. रविवारची लांब पल्ल्याची, मधेच एखादी जादा, आजारपणात रद्द. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराचा रकाना कोरा होता, कारण हंगामात तो माणूस आपला नसतो, बागेचा असतो. मार्चअखेर माझ्यापुढे "पेपर तपासणी, फक्त चालणे" असं लिहिलेलं. पावसाळ्यात चढण नाही, कातळावर शेवाळ असतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना दुसऱ्याचं वर्ष आखायला मनापासून आवडतं. त्यातली बहुतेक डोक्याला ताप असतात. हे नव्हते, कारण त्यांना आमच्या अडचणी आमच्याआधी ठाऊक असत.

त्यांच्या स्वतःच्या रकान्यात वर्षअखेरीस एकच ओळ होती: एकवीस किलोमीटर, तीन तासांच्या आत.

ही आमच्याच गावची शर्यत. शिरगावावरून आरे-वारेकडे जायचं आणि परत यायचं. आदल्या वर्षी ते तिच्यात उतरले होते. सतराव्या किलोमीटरला, चढणीवर, मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीने त्यांना उचललं, कारण वेळेत पोचायची आशा नव्हती. "आयुष्यभर लोकांना गाडीत बसवलं, बाई," ते मला म्हणाले, "त्या दिवशी मला बसवलं." हसत सांगितलं, पण मला ते हसू आवडलं नाही.

आणि ही संधी शेवटचीच. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात. वर्ष संपलं की ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. तिने बजावलं होतं, तिकडे आल्यावर हे पळणं बंद. एकटा म्हातारा माणूस पुण्याच्या रस्त्यावर धावतोय म्हटल्यावर तिला ऑफिसात काम सुचणार नव्हतं. तिचंही चूक नव्हतं. पण पळणं बंद म्हणजे या माणसाने दिवसभर करायचं काय, हा विचार माझ्या मनातून जात नसे.

सप्टेंबरात कोल्हापूरला दहा किलोमीटरची एक शर्यत होती. कंट्रोलरचं म्हणणं, तिथे किती वेळ लागतो त्यावरून वर्षअखेरीचं कळेल. तोवर गणपती होऊन महिना झालेला असेल, सगळे मोकळे. सगळं वर्ष त्या रविवारावर टेकलेलं होतं.

मार्चमध्ये मी परीक्षेच्या तारखा बघायला कॅलेंडर चाळत होते. सप्टेंबरचं पान उलटलं आणि मला घामच फुटला. तो रविवार ऐन गणपतीत येत होता. झालं होतं असं, की पाडव्याला नवीन कॅलेंडर घरात आलेलं नव्हतं. कंट्रोलरनी सगळे करतात तेच केलं, गेल्या वर्षीच्या गणपतीच्या तारखेतून अकरा दिवस वजा केले. पण या वर्षी अधिक महिना होता. गणपती मागे सरकण्याऐवजी चांगले वीस दिवस पुढे गेले होते.

मी कॅलेंडर काखेत मारून त्यांच्या दारात उभी राहिले आणि शाळेत बोलते तशी बोलले. त्यांनी पान बघितलं, चष्मा काढला आणि ओट्यावर बसले.

"तीस वर्षं गणपतीच्या जादा गाड्या सोडल्या मी," ते म्हणाले. "आणि अधिक महिना विसरलो."

दोन दिवस ते पुलावर आलेच नाहीत. मला माझ्याच जिभेचा राग आला. गणपती सोडून कोल्हापूरला जाऊ या, असं म्हणायची तर कुणाची छाती नव्हती; कोकणात राहून असं कोण म्हणेल? तिसऱ्या दिवशी ते नवीन कागद घेऊन आले. कोल्हापूर रद्द. त्याच रविवारी आम्ही पाचही जणांनी आमच्या चारही घरच्या गणपतींचं दर्शन घेत दहा किलोमीटर धावायचं, घड्याळ लावून.

कागदावर फार छान होतं. पहिल्या घरी मोदक पुढे आले. नको म्हटलं तर बागायतदाराच्या आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ, तिसऱ्या घरी आरती नुकतीच सुरू झालेली, ती सोडून धावणार कसं? बँकेतल्या बाई टाळ वाजवायलाच बसल्या. दहा किलोमीटरला आम्हाला तीन तास दहा मिनिटं लागली. कंट्रोलरनी घड्याळ बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पण आपल्या पायांत किती बळ आहे हे त्यांना कळलं नाही ते नाहीच.

पुढचे तीन महिने ते कागदाबरहुकूम धावले. मी दोन फेऱ्या बुडवल्या, बागायतदाराने सात. त्यांनी एकही नाही.

शर्यतीच्या दिवशी मुलगी पुण्याहून आली होती. सामान बांधून तयार, दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढलेली. मी दोन तास पन्नास मिनिटांत पोचले, ते कसं ते देवाला ठाऊक, आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तीन तास झाले. कंट्रोलर आले नाहीत. तीन तास पाच मिनिटांनी आयोजकांचं घड्याळ बंद झालं, शेवटच्या रेषेवरच्या कमानीच्या दोऱ्या सुटायला लागल्या. मुलीने फोन काढला. मी दोर सोडणाऱ्या माणसांवर ओरडले, पाच मिनिटं थांबायला काय होतं म्हणून. ते बिचारे थांबले.

मग वळणावर आयोजकांची ती गाडी दिसली, बैलगाडीच्या वेगाने येणारी. तिच्यापुढे कंट्रोलर होते. धावत नव्हते, चालत होते, एक पाय ओढत. मागाहून ड्रायव्हरने सांगितलं, चार वेळा बसा म्हटलं, चारही वेळा त्यांनी हातानेच नको म्हटलं. मुलगी पुढे धावली. त्यांनी तिला बाजूने चालू दिलं, हात धरू दिला नाही. कमानीखालून पलीकडे गेले आणि मगच उभे राहिले.

"बाबा, कशाला हो एवढं?" ती रडत म्हणाली.

"वेळेत नाही आलो," ते म्हणाले. "पण आलो."

मी हुंदका दिला, लाजले नाही. आनंदच झाला होता मला, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं गेली. गाडीत चढण्यापूर्वी कंट्रोलर मला म्हणाले, पुढचं वर्ष मी आखलेलं नाही, आता तुम्ही आखा. मी घरी आले, पट्टी घेतली, रेघा मारल्या. पहिल्या रविवारी पुलावर सहा किलोमीटर, सावकाश, असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. त्यांना फोन लावला. गाडी संगमेश्वरलाही पोचली नव्हती.

फोन मुलीने घेतला. बाबा झोपलेत, म्हणाली. मी काय करतेय ते तिने विचारलं, मी सांगितलं.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांचंही आखाल का? पुण्याचं. घराजवळ टेकडी आहे, पण सुरुवातीला चढ नको. आणि रविवारी मी त्यांच्याबरोबर असेन, तेवढं माझ्यासाठी थोडं कमी लिहा."

मी दुसरा कागद घेतला.