बिनकाळजीचा माणूस

दुसऱ्याच्या घरी संकट आलं की ज्याचा चेहरा उजळतो आणि तरीही जो सगळ्यांना हवाहवासा वाटतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: नवीन पनवेलला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे जंतुशास्त्राचे प्राध्यापक. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. काळजीने रक्तात जी रसायनं उतरतात, ती हिरड्या कुजवणाऱ्या काही जंतूंना खुराकासारखी मानवत असावीत, असा सरांना दाट संशय होता. "असावीत हं, आहेत म्हणत नाही मी," हेही ते दर वेळी बजावत. बिल्डिंगमध्ये कुणाचा दहावीचा निकाल असो की मुलीला बघायला पाहुणे येणार असोत, सर कापसाची काडी घेऊन दारात हजर! "आ करा." मुलीच्या बापाने पाहुण्यांसमोर आ केलेला मी स्वतः पाहिलाय. ती काडी काचेच्या बशीत फिरवायची आणि बशी जंतू उगवतात का ते बघायला स्कूटरवरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायची. कोऱ्या बशा त्यांच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी असत. त्यांच्याकडे श्रीखंड खाताना माझा घास नेहमी लहान होई. गव्हाणहून मासळी आणणाऱ्या मावशींनाही त्यांनी सोडलं नाही. "मना कसली काळजी नाय सर," त्या टोपली उतरवत म्हणाल्या, "तुमी घासाघीस करू नका म्हंजे झालं."

प्रयोगाच्या बाबतीत मात्र माणूस कडक सोवळ्यातला. एकदा त्यांच्याच घरातला गॅस संपलेला, सासूबाई यायच्या होत्या, तरी सरांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, बशी कोरीच निघाली. "वगळा की ती एक," असं मी सुचवलं, तर सर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत.

तुलनेसाठी त्यांना एक बिनकाळजीचा माणूस हवा होता. जिथे नळाला दिवसाआड पाणी, तिथे तो मिळायचा कुठून? शेवटी माझी निवड झाली. "तुमच्याइतका निवांत गृहस्थ पाहिला नाही हो," असं म्हणाले. मी दर रविवारी मोठ्या अभिमानाने आ करू लागलो.

आणि त्याच वर्षी माझी कंपनी बंद पडली. बायकोला सांगायचा धीर होईना. रोज डबा घेऊन निघायचो, वडाळे तळ्याच्या काठी बसून तो खायचो आणि संध्याकाळी दमलेलं तोंड करून परतायचो. तिसऱ्या आठवड्यात सर खाली आले. "तुमची बशी गच्च भरून आलीय. काय दडवताय?" मी हसण्यावारी न्यायला गेलो आणि "कंपनी..." एवढंच तोंडून निघालं. "मला नका सांगू, आत सांगा," म्हणत त्यांनी मला स्वयंपाकघरात ढकललं आणि स्वतः बाहेर खुर्चीवर बसून राहिले. बायको चिडली, रडली, मग तिने तिघांचा चहा टाकला. त्या रात्री मला कित्येक दिवसांनी झोप लागली.

पुढे मला दुसरी नोकरी मिळाली. सरांचा प्रयोग मात्र अर्धवटच राहिला. विचारलं की विषय बदलत. सर वारल्यावर वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सांगितलं.

"तुमच्या बशीत काहीच उगवलं नव्हतं हो. उलट त्यांचंच म्हणणं खोटं पडत होतं. कॉलेजला जाताना ते तुम्हाला रोज तळ्यावर बसलेलं बघायचे. त्या दिवशी वर आले, वही मिटली आणि म्हणाले, मी आज खोटं बोललोय, आता ही वही पुरी करायचा मला हक्क नाही."