दोडक्याचा त्याग

गयेला जाऊन दोडका कायमचा सोडायचा, हे मी सोलापूर स्टेशनवर गाडीत चढतानाच ठरवलं होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वडिलांचे पिंड द्यायला मी, बायको आणि वैरागची आत्या अशी तिघं निघालो होतो. गयेचा रिवाज असा, की पिंडदान झालं की अक्षयवटाखाली आपली आवडती एक खायची वस्तू जन्मभरासाठी सोडायची. आता माझी आवडती वस्तू म्हणजे शेंगाची चटणी. (उखळात कुटलेली, लालभडक, तेल सुटलेली. ती नसेल तर मला जेवल्यासारखंच वाटत नाही.) ती सोडायची? अहो, त्यापेक्षा नोकरी सोडली असती! दोडका मात्र मला लहानपणापासून डोळ्यांसमोर नको. तो सोडला की बायको पुन्हा वाढणार नाही आणि वर पुण्य लागणार! माझ्या हुशारीवर मीच खूश झालो.

आत्यानं वाटेसाठी कडक भाकरीचं गाठोडं आणि चटणीचे दोन डबे घेतले होते. दोन दिवसांत एक डबा मी एकट्यानं संपवला. आत्या समोरच्या बाकावर बसून बघत होती. तिथंच मी फसलो.

अक्षयवटाखाली पंड्यानं माझ्या ओंजळीत पाणी घातलं. "यजमान, क्या छोड़ते हो?"

"दोडका!" मी आवंढा गिळून म्हणालो. चेहरासुद्धा रडवेला केला. बायकोला ठसका लागला.

"काय म्हनलास?" आत्या उठून उभीच राहिली.

"दोडका. लई आवडतो गं मला."

"मेल्या, दोडका दिसला की ताट सारून उठतूस! तुजा बा वरनं बगतोय की! त्याला फसवतूस व्हय?"

"आत्या, हळू बोल की! लोक बघायला लागले!"

"बगू देत!"

पंड्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण त्याला सगळं कळलं. (असले भाचे त्यानं रोज पाहिले असणार!) त्यानं मला सोडून थेट आत्यालाच विचारलं, "माताजी, इनको सच में क्या पसंद है?"

आत्यानं पिशवीतून उरलेला डबा काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. पंड्यानं बोट बुडवून चाटलं. डोळ्यांत पाणी, कान लाल! तरी दुसऱ्यांदा चाटलं आणि म्हणाला, "यही छोड़ो!"

माझ्या ओंजळीतलं पाणी सुटलं आणि चटणीही सुटली. डबा पंड्यानं ठेवून घेतला. मी आत्याशी बोलणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी टांग्यानं बोधगयेला गेलो. बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ, आणि पिंपळ दिसला की आत्याला प्रदक्षिणा घातल्याशिवाय राहवत नाही. ती फिरायला लागली. मी तोंड पाडून एका कडेला बसलो. शेजारी एक म्हातारे भंतेजी होते, विदर्भातले, चांगलं मराठी बोलणारे. मी त्यांच्यापुढं मन मोकळं केलं. इतकं, की बायको लाजून लांब जाऊन उभी राहिली.

भंतेजी शांतपणे म्हणाले, "वस्तूत काय आहे, बाबा? तृष्णा सुटली पाहिजे. इच्छा न ठेवता खाल्लं तर बिघडलं कुठं?"

मी ताडकन उठलो. "आत्या! ऐकलंस का? बिनइच्छेनं खाल्लं तर चालतंय म्हणतात! चटणी परत चालू!"

आत्या प्रदक्षिणा अर्धी टाकून आली, तिच्यामागं बायकोही. भंतेजींना हात जोडले. माझ्याकडं निरखून बघितलं. "चटनी तू बिनइच्छेनं खाशील?"

"खाईन की! त्यात काय?"

आणि नेमकं तेव्हाच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नुसत्या नावानं! मी घाईनं ओठ पुसले, पण तिघांनीही बघितलं. भंतेजीसुद्धा हसले.

"न्हाय जमायचं तुला," आत्या म्हणाली. "पर भंतेजी बोलले ते खरं हाय. बिनइच्छेनं खाता यील असं तुज्यासाठी एकच हाय." ती बायकोकडं वळली. "पोरी, घरी गेल्यावर ह्याला दोडका करत जा."

"अगं, पण मी तो सोडणार होतो!"

"सोडला न्हाईस न्हवं? मग खा!"

सोलापुरात परतल्यावर मावंद्याचं, म्हणजे यात्रा पार पडल्याचं, जेवण घातलं. पंगतीत प्रत्येकाच्या पानात शेंगाची चटणी होती, वर दही. माझ्या पानात त्या जागी दोडका. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण बायकोनं तिचा शब्द मोडला नाही. दर आठवड्याला दोडका होतो आणि मी तो मुकाट्यानं, अगदी निरिच्छपणे खातो.

गयेहून लोक पुण्य आणतात. मी दोडका आणला!