हाताचे तीन, डोस्क्याचे नऊ

चित्र घेऊन आले की पेंटरसाब कागद काउंटरवर पालथा ठेवायचे आणि त्यावर उजवा तळहात दाबून उभे राहायचे. "आधी भाव ठरवा, मंग बघा," हे पहिलं वाक्य. नमस्कार त्यानंतर.

हैदराबाद संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. परभणीत स्टेशन रोडवर आमच्या सेठचं ग्रामोफोनचं दुकान होतं आणि मी तिथे पावत्या फाडायचो. तबकड्या साध्या खाकी पाकिटांत यायच्या. आपल्या दुकानाचं नाव आणि छानसं चित्र असलेली पाकिटं असावीत, अशी सेठला हौस. त्यासाठी पेंटरसाब पिंगळीहून रेल्वेने यायचे. धोतर पांढरंशुभ्र, बोटं मात्र कायम निळी-हिरवी.

"बारा रुपये. हाताचे तीन, डोस्क्याचे नऊ. अन् कलदार पायजेत, हाली न्हाई."

तेव्हा बाजारात संस्थानी हाली रुपया आणि सरकारी कलदार दोन्ही चालत. हालीचा भाव थोडा कमी, आणि सेठ हालीवर भागवायला बघणार हे त्यांना पक्कं ठाऊक.

"डोस्क्याचे पैसे कसले मागायलाव?" सेठ भडकला. "डोस्कं काय इकत आणलंय?"

"इकत मिळत न्हाई, म्हणून तर म्हाग हाय."

मला माणूस हट्टी वाटला. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही मनातल्या मनात सेठचीच बाजू घेतली असती. बारा रुपयांत माझा अर्धा महिना निघायचा! पेंटरसाबांनी कागद न दाखवताच गुंडाळला आणि पुढची गाडी पकडली.

सेठने चार हालीत बाजारातल्या एका पाट्या रंगवणाऱ्याला काम दिलं. त्याने तंबोरा घेतलेली गाणारी काढली. देखणी बाई, चेहरा अगदी मधोमध. पाचशे पाकिटं छापून झाली. मग तबकडीचं लेबल बाहेरून वाचता यावं म्हणून रिवाजाप्रमाणे मध्ये गोल भोक पाडलं, आणि बाईचा चेहराच गेला. आत तबकडी घातली की मानेवर लालभडक लेबल. गिऱ्हाईक पोट धरधरून हसायचं.

सेठने मलाच पिंगळीला पिटाळलं. आता हे वीस मागणार, अशी माझी खात्री. पेंटरसाब आले. कागद पालथा, वर तळहात.

"बाराच. डोस्कं तेवढंच लागलंय."

सेठने निमूटपणे बारा कलदार ठेवले. तळहात उचलला गेला. चित्रात दोन बाया समोरासमोर दळायला बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये जात्याच्या जागी कोरा गोल होता.

"हितं तुमचं लेबल येतंय. तबकडी फिरती, तेच जातं."

मला माझी लाज वाटली. नऊ रुपये कशाचे, ते त्या कोऱ्या गोलात दिसत होतं.

पुढे दर दिवाळीला नवं पाकीट निघायचं आणि दर दिवाळीला तीच घासाघीस. "औंदा धा घ्या की," सेठ म्हणायचा. चहा मागवायचा. पेंटरसाब चहा डाव्या हाताने प्यायचे. उजवा कागदावरून हलायचा नाही.

एका वर्षी दसरा झाला तरी ते आले नाहीत. तापाने गेल्याचं कळलं. सेठ हळहळला आणि लगेच सहा रुपये माझ्या हातावर टेकवले. "कागद तयार असंल तर घिऊन या. आता भाव करायला कोण हाय तिथं?"

मला असा संताप आला! वाटेत मी माझे सहा त्यात घातले.

पिंगळीला त्यांच्या बायकोने, काकूंनी, पेटीतून कागद काढला. माझ्यासमोर बाजेवर पालथा ठेवला आणि त्यावर तळहात दाबला.

"आधी भाव ठरवा."

"बारा, काकू," मी म्हणालो आणि रुपये ठेवले.

त्यांनी कागद उलटला. गोल हौदाभोवती मेंढरं पाणी पीत होती. हौदाची जागा कोरी. सगळं पेन्सिलीतच होतं. रंगाचा एक ठिपका नव्हता.

काकूंनी त्यातले तीन रुपये उचलून माझ्या हातात परत दिले.

"रंग भरायचे ऱ्हायलेत. हे हाताचे."

मग उरलेले नऊ पदराच्या गाठीत बांधत म्हणाल्या, "डोस्क्याचं काम पुरं झालंय."