खाडीपुलावरचं गाऱ्हाणं

देवावर माझी श्रद्धा आहे की नाही, हे मला त्या दिवसापर्यंत धड सांगता आलं नसतं. कोकणात आमच्या गावी देवळात गाऱ्हाणं घातलं जायचं, तेव्हा पोरासोरांत उभा राहून मी जोरात ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचो, एवढीच माझी भक्ती. गाऱ्हाणं घालायचं ते वडीलधाऱ्यांनी. त्यांनी देवाला घरचं दुःख सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला साथ द्यायची. साथीशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं आमचे आबा म्हणत. पुढे मी विक्रोळीच्या कारखान्यात लागलो, घाटकोपरला बिऱ्हाड केलं, आबा गेले आणि देऊळही सुटलं.

ही पहिल्या बाळंतपणासाठी वाशीला माहेरी गेली होती. एका दुपारी मेव्हण्याचा कारखान्यात फोन आला. बाळ आडवं आहे, ऑपरेशन करावं लागेल, दोघांचंही काही खरं नाही, असाल तसे निघा. तेव्हा वाशीला रेल्वे नव्हती, खाडीवरचा पूल हीच वाट. मिळाली ती बस पकडली, तर ती नेमकी पुलावर बंद पडली. दुष्काळात तेरावा महिना! बाकीचे मागच्या बसची वाट बघत थांबले. मला धीर निघेना, मी चालत सुटलो. पुलाच्या मध्यावर आलो आणि मागे-पुढे पाहिलं. मानखुर्द मागे जेवढं लांब, तेवढंच वाशी पुढे. मी कठडा धरून उभा राहिलो. आपण पोचू तेव्हा ही नसेल, एवढंच मनात येत होतं.

खाली ओहोटीचं गढूळ पाणी होतं. त्याच्याकडे बघता बघता आबांचे शब्द आपसूक तोंडातून निघाले, “बा देवा म्हाराजा...” आणि मी अडलो. गावाकडे प्रत्येक देवाची शीव ठरलेली. इथे पुलाच्या मधोमध हद्द कोणाची, असं मी पुटपुटलो. अशा वेळीही माणसाचं डोकं कुठे अडेल, सांगता येत नाही.

“दोन्ही काठांवरच्या देवांक सांग,” मागून आवाज आला. पन्नाशीचा एक टेम्पोवाला गाडी बाजूला घेऊन तापलेल्या इंजिनात पाणी ओतत होता.

“माझी बायल अडली हा, म्हाराजा,” मी म्हणालो. “तिका नि पोराक सांभाळ.”

त्याने डबा खाली ठेवला, हात जोडले. “व्हय म्हाराजा.”

“माझ्या हातात काय नाय. सगळा तुझ्या पायाशी ठेवतंय.”

“व्हय म्हाराजा.”

मला रडू फुटलं. भीती गेली नव्हती, पण ती एकट्याची उरली नव्हती. त्याने मला टेम्पोत बसवलं आणि थेट हॉस्पिटलच्या दारात सोडलं. सासूबाई बाहेरच उभ्या होत्या. मुलगी झाली होती, दोघीही सुखरूप होत्या. मी पुलावर होतो तेव्हाच ऑपरेशन पार पडलं होतं. डॉक्टरांच्या हाताला यश होतं, त्यांचे उपकार आहेतच. यापलीकडचं मी कुणाला पटवायला जात नाही. टेम्पोवाल्याचं गाव विचारायचं मात्र राहून गेलं.

आता लेकीला घेऊन आजोळी जाताना पुलाचा मध्य आला की मी हळूच ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. ती विचारते, “बाबा, कोणाशी बोलता?” मला ठाऊक नसतं. पण त्या कठड्याशी कोणी देवाला काही सांगत उभं असेल, तर त्याला साथ मिळायला हवी.