फॉर्मवरचा मिरजेचा नंबर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. ऐकणारी माणसे नव्हती असे नाही — पण सांगायला बसले की मी आधी सर्दीचेच वर्णन करू लागते. आजही तेच करते आहे.

सर्दी जबर होती. नाक चोंदलेले, कानांना दडे, आणि आवाज पार बसलेला. बंगळुरात, मारतहळ्ळीच्या पीजीतल्या खोलीत मी दोन दिवस पडून होते. शाळेतली नोकरी सोडून बत्तिसाव्या वर्षी एम.सी.ए.ला आलेली मी वर्गात सगळ्यांची ‘अक्का’ होते. शेवटचे सत्र संपत आले होते आणि अकरा ठिकाणांहून नकार आले होते. हे का सांगते आहे? याने काही हलके होते का?

श्यामलाविषयी सांगायला हवे. वर्गातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कित्येक पिढ्या बंगळुरातच राहिलेल्या मराठी घरातली. वडील पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर. त्यांची नजर अधू होत चालली होती. नोकरी लागताच त्यांना लेथवरून उठवायचे, एवढेच तिने ठरवले होते. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत जागा एकच होती आणि शेवटी आम्ही दोघीच उरलो होतो. एकीने नकार दिला तर दुसरीला घेऊ, असे त्यांनी आम्हाला समोर बसवूनच सांगितले होते.

त्याच सुमारास तिचा मोबाइल बसमध्ये चोरीला गेला. म्हणून फॉर्मवर तिने माझ्या जुन्या, मिरजेच्या सिमचा नंबर दिला. माझ्या मोबाइलमध्ये दोन सिम; इथला नंबर माझ्या फॉर्मवर, मिरजेचा तिच्या. आम्हा मुलींत असे चालायचेच. कुणाला त्यात धोका दिसला नाही — मलाही नाही.

त्या दुपारी ती दोन बसेस बदलून माझ्यासाठी मिरीचे सार घेऊन आली. स्टीलचा डबा, वर फडके बांधलेले.

“स्वल्प तरी पी गं, अक्का. ह्या आवाजात मुलाखत दिलीस तर बेडूक म्हणून ठेवून घेतील तुला.”

मग वाफेच्या गोळ्या आणायला ती खाली मेडिकलमध्ये गेली.

फोन वाजला. पडद्यावर मिरजेचे सिम दिसत होते. तो फोन कुणासाठी आहे हे मला उचलण्याआधीच ठाऊक होते. पलीकडच्या बाईंनी विचारले, श्यामला बोलते आहे का? मी ‘हो’ म्हणाले. निरोप घेऊन तिला द्यावा, बसलेल्या घशाने खुलासे कशाला — तोवर मनात इतकेच होते. निदान मला तसे आठवते. त्यांनी अभिनंदन केले. सोमवारी रुजू होणार ना, असे विचारले.

मी म्हणाले, “नाही. मला दुसरीकडे मिळाली आहे.”

आवाज बरा नाही वाटते, काळजी घ्या, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तापाच्या ग्लानीत बोलले, असे म्हणता आले असते. पण ताप नव्हता. सकाळीच मोजला होता.

श्यामला परत आली, गोळ्या उशाशी ठेवल्या आणि तिने विचारले, “फोन काय आला काय?” मी मान हलवली. नाही. त्यासाठी आवाजही लागला नाही.

दोन दिवसांनी इथल्या सिमवर फोन आला. घसा तोवर सुटला होता; मी स्वच्छ शब्दांत होकार दिला. श्यामलाने पेढे आणले, माझ्या तोंडात कोंबले. “सरी, असू दे, एकीला तरी लागली ना,” म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून तिने रिकामा बॉक्स पुन्हा पुन्हा बंद केला, उघडला.

आता ती वडिलांच्याच कारखान्यात, ऑफिसात बसते. वडील अजून लेथवर आहेत. मी बेळ्ळंदूरला जाते, काम चांगले करते, असे लोक म्हणतात. मला कधी सर्दी झाली की तिचाच फोन येतो — वाफ घेतलीस का, अक्का?

मला काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काही वाटल्याचे आठवत नाही. त्या दुपारी गोळ्या ठेवून ती समोर बसली, डब्याचे फडके सोडले, आणि ते सार मी तिच्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. ते गरम होते. नाक चोंदलेले असल्याने चव कळली नाही. चांगले झाले आहे, असे मी तिला खुणेने सांगितले.