उतरंडीतलं एक मडकं

आत्याबाईंनी ती गोष्ट मला सांगितलीच नाही. बार्शीच्या धर्मशाळेत आमच्या शेजारी पथारी टाकलेल्या एका बाईला त्या सांगत होत्या, आणि मी पलीकडं बसून ज्वारी निवडता निवडता ऐकत होते.

"लुटायला येणारे काय नुसते लुटून जात्यात व्हय? आदी चूल पेटवत्यात, खात्यात, मग लुटत्यात. म्हणून म्या एका मडक्यात सोमल कालवून आलेय. बसा म्हणावं आता जेवायला."

ती बाई तोंडावर पदर धरून हसली. सोमल म्हणजे जहर. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला असंच म्हणतात. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. हद्दीजवळची गावंच्या गावं लुटारूंच्या भीतीनं रात पडायच्या आत घरं सोडून इंग्रजांच्या बाजूला, बार्शीला जात होती. आता इंग्रजही गेले होते, पण तोंडात तेच बसलेलं. तेरखेड्याच्या अलीकडच्या आमच्या गावातूनही बरीच घरं उठली. माझे मालक आधीपासूनच बार्शीच्या गिरणीत होते. ते गाडी घेऊन आले आणि आम्ही दोघी सासू-सुना अंगावरच्या लुगड्यांनिशी निघालो.

निघताना घराची चावी मी खालाकडं दिली होती. माझ्या हातानं दिली होती, आणि वर म्हणाले होते, "खाला, लागंल ते घ्या. डाळ हाय, पीठ हाय, गूळ हाय. लाजू नका."

आत्याबाई तिथंच गाडीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि गाडी हाका म्हणाल्या.

खाला म्हणजे मावशी; ही आमची मुसलमान शेजारीण. नवरा नव्हता, एकुलता लेक तेरखेड्याला शोभेची दारू करणाऱ्यांकडं कामाला जायचा. मी माकणीकडची. तिथल्या उर्दू शाळेत तिसरीत होते तेव्हा लग्न ठरलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. सासरी आले तेव्हा माहेर इतकं लांब वाटायचं की मी परड्यात बसून रडायची. खाला भिंतीपलीकडून म्हणायची, "क्या की बेटी, आज कोणती कविता म्हणतीस?" मी शाळेतलं मोडकंतोडकं उर्दू बोलायची आणि ती पोट धरून हसायची. "हे उर्दू निजामानं ऐकलं तर गादी सोडून पळंल!" माझ्या डोक्याला तेल लावायला त्या गावात दुसरं कुणी नव्हतं. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा माझ्या उशाशी तीच बसली होती. तिचे उपकार मोजायला बसले तर दिवस पुरायचा नाही.

तर धर्मशाळेत मी आत्याबाईंना धरलं. "आत्याबाई, खालाला म्या घ्या म्हणून सांगितलंय! तिनं घेतलं तर?"

"ती कशाला घील?"

"उपाशी राहिली तर घील की."

"आजवर माझ्या सैपाकघराचा उंबरा वलांडलाय का तिनं? मग आताच वलांडंल? जायची न्हाय ती. तिला रीत कळतीय, तुझ्यापेक्षा जास्त."

ते खरं होतं. खाला सोप्यापर्यंत, बाहेरच्या ओसरीपर्यंत, यायची. तिचा कानाचा कप बाहेर कोनाड्यात असायचा. चहा प्यायला की ती तो स्वतः विसळून पालथा ठेवायची. मला त्याचं वाईट वाटायचं, पण सुनेच्या वाटण्याला काय किंमत.

"बरं, कुठल्या मडक्यात ते तरी सांगा."

"तुला कशाला? परत गेल्यावर म्या काढीन की."

उतरंड ही आत्याबाईंची. कुठल्या मडक्यावर कुठलं मडकं, कशात काय, हे त्या कुणाला सांगत नसत. डाळ लागली तर त्या काढून देणार, मी घेणार. लग्न होऊन वर्षं झाली तरी वरचं गाडगं उतरवायची मला मुभा नव्हती. चावी दुसऱ्याकडं देऊन झाली, देश बदलायची वेळ आली, तरी उतरंडीची मालकी सुटत नव्हती.

मग त्यांना हिवताप लागला. धर्मशाळेत माणसं पटापटा जात होती. आत्याबाई वाचल्या, पण तापातून उठल्या त्या वेगळ्याच होऊन. मला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या, जेवल्या की थोड्या वेळानं पुन्हा ताट मागायच्या. मी मालकांना म्हणाले, आपण गावाला जाऊ. ते म्हणाले, वाटा बंद आहेत. मला डोळ्यांपुढं एकच दिसायचं. खाला आमच्या चुलीपुढं बसून मडक्यात हात घालतेय.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. बार्शीत लोक पेढे वाटत होते, आणि आमच्या बाजूनं येणारे लोक दुसरंच सांगत होते, हलक्या आवाजात. आता पाळी मुसलमानांच्या वस्त्यांवर आली होती. ज्यांनी काही केलं त्यांच्यावर, आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांच्यावरही.

आम्ही गावात पोचलो तेव्हा खाला तिच्या दारात बसली होती. जिवंत. अंगावर मांस नव्हतं, गालाची हाडं वर आलेली, पण जिवंत. ती उठली, ओढणीच्या टोकाची गाठ सोडून चावी माझ्या हातावर ठेवली. लेकाचं विचारलं तर नुसती मान हलवली. तेरखेड्याला गेला होता, परत आलाच नव्हता.

"काय खाऊन राहिला, खाला?"

"अंबाडीचा पाला. कधी हुलगे. अल्ला देता."

"आमच्या घरातलं का न्हाई घेतलं?"

"आक्काची चूल हाय ती, बेटी. त्या असत्या तर दिलं असतं." आत्याबाईंना ती आक्का म्हणायची.

मी कुलूप काढलं. सोपा, अंगण झाडलेलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र धुळीचा सारखा थर, त्यावर पावलाची खूण नाही. मी तिथंच बसले आणि रडले. कशासाठी रडले ते तेव्हा मलाही नीट उमगलं नव्हतं. ती वाचली म्हणून, आणि भरल्या घराच्या दारात उपाशी राहिली म्हणूनही.

तेव्हाच मी तिला सगळं सांगायला हवं होतं. मालक म्हणाले, "आत्ता नको. दिवस कसले आहेत बघतीस ना? चावी हातात दिली आणि आत विष ठेवलं, हे कुठल्या तोंडानं सांगशील? आदी ते मडकं तर सापडू दे." मलाही ते पटलं. मडकं सापडलं की पुरून टाकायचं आणि मग सांगायचं, असं मनाशी ठरवलं.

पण सापडायचं कसं? जिथं मी रोज भाकरी थापली त्या खोलीत मला आता पाऊल टाकायची भीती वाटू लागली. उतरंडी भिंतीला टेकून गप उभ्या. सोमल पांढरा, त्याला वास नाही, चव नाही. पिठात असेल म्हणावं तर पांढऱ्यात पांढरं दिसणार कसं? मिठात? तिळात? चटणीत? आत्याबाईंना पाटावर बसवून विचारलं की त्या अगदी ठामपणे बोट दाखवायच्या.

"हेच्यात."

मी ते मडकं उतरवून बाजूला ठेवायची.

दुसऱ्या दिवशी विचारलं की, "ते कशाला काढलंस? त्यात बाळंतिणीचा डिंक हाय. इख त्या तिकडल्या गाडग्यात." तिसऱ्या दिवशी तिसरंच. गुळाला मुंग्या लागल्या होत्या आणि त्या जिवंत होत्या, म्हणजे गूळ चांगला म्हणावा, तर आतल्या ढेपेचं कुणी सांगावं? आम्ही बार्शीहून आणलेल्या पिठावर दिवस काढत होतो. त्यातलीच भाकरी मी खालाला नेऊन देत होते, चतकोर, अर्धी. मालक गिरणीवर परत गेले.

एका सकाळी मी आडावर गेले होते. डोक्यावर घागर घेऊन दारात आले तर सोप्यावर खाला बसलेली, शेजारी तिनं परवाच कुणाकडून तरी आणलेली कोंबडी, आणि समोर आत्याबाई, खूप दिवसांनी चेहऱ्यावर ओळख असलेल्या. आत चूल पेटल्याचा धूर. आत्याबाईंनी आपल्या हातानं चहा केला होता, आमच्या त्या घरातला गूळ घालून. आणि रीत विसरून त्यांनी कोनाड्यातला कप घेतलाच नव्हता. घरातलं पितळी फुलपात्र खालाच्या हातात दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. खालानं ते दोन्ही हातांनी धरून ओठांपर्यंत नेलं होतं.

मी घागर टाकली, धावले आणि तिच्या हातावर फटका मारला. फुलपात्र अंगणात गडगडत गेलं.

खालानं हात ओढणीखाली घेतला. मग घाईघाईनं म्हणाली, "आक्कानंच दिलं गं. म्या न्हाय मागितलं. म्या म्हटलं बी, माझा कप हाय कोनाड्यात."

"भांड्याचं न्हाय हो, खाला! त्यात इख असंल!" आणि मी सगळं सांगून टाकलं, धापा टाकत, उलटंसुलटं. लुटारू, सोमल, मडकं, धर्मशाळा.

आत्याबाई फणकारल्या, "कसलं इख? माझ्या घरात इख? काय बोलतीय ही भवानी! बीबी, हिचं काय ऐकू नकोस, म्या दुसरा करते."

कोंबडी सांडलेल्या चहाशी गेली होती. तिनं चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली. आम्ही तिघीही तिच्याकडं बघत बसलो. किती वेळ गेला देव जाणे. तिनं चोच मातीला पुसली आणि उकिरड्यावर जाऊन उकरू लागली.

"बघ. जित्ती हाय," खाला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "बेटी, एवढं मोठं रचायचं काय कारण? भांड्याचं व्हतं तर भांड्याचं म्हणायचं. मला ते काय नवं हाय?"

मी तिच्या पायाशी बसले, शपथा घेतल्या. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा तेल लावताना फिरवायची, पण विश्वास काही बसला नाही. माझ्याजवळ दाखवायला होतं काय? जित्ती कोंबडी माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना बोलावून घेतलं आणि दोन्ही उतरंडी ओढ्याकाठी खड्डा खणून पुरल्या. पीठ, डाळ, गूळ, तीळ, सगळं. आत्याबाई "माझा संसार, माझा संसार" म्हणून मागं मागं येत होत्या. खाला तिच्या दारातून बघत होती. महिनोन्महिने पाला खाऊन राहिलेली बाई, आणि तिच्या डोळ्यांदेखत आम्ही अन्न मातीत घालत होतो. गावात बोललं गेलं, मुसलमानिणीकडं चावी होती म्हणून यांनी घर बाटलं धरलं. ते तिच्याही कानावर गेलं असणार. मी ज्याच्या त्याच्याशी भांडले. पण विषाचं सांगितलं की लोक आत्याबाईंकडं बघायचे, आणि आत्याबाई कानावर हात ठेवायच्या.

कधी कधी वाटतं, सोमल होताच का? की लुटारूंच्या धसक्यानं आत्याबाईंनी नुसतंच तसं बोलून मन शांत केलं? मडकी मातीखाली गेल्यावर तेही कळायचा मार्ग उरला नाही. पुढं आत्याबाई गेल्या, आम्ही बार्शीचेच झालो, आणि आता म्हातारपणी मुलाच्या नोकरीमागं मी इकडं भोपाळला आहे. इथं उर्दू कानावर पडतं, तेव्हा मी उगीच थांबून ऐकते.

तेव्हा, त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला, खालाचा भाऊ गुलबर्ग्याकडून गाडी घेऊन आला. तिचं सामान ते काय, एक बोचकं आणि एक वाकळ. कोंबडी तिनं आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. मी तांब्या भरून आणि त्यावर तेच फुलपात्र ठेवून गाडीपाशी गेले.

"खाला, पाणी तरी प्या. ह्याच्यातनं प्या."

तिनं फुलपात्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग गाडीतून जराशी वाकली आणि माझ्यापुढं ओंजळ धरली.

"वरून घाल, बेटी," ती म्हणाली. "बरं असतं."

मी वरून धार धरली. ती पोटभर प्याली, ओले हात माझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि भावाला म्हणाली, "चल."