एका पानात न मावलेली ओळ

बसूअण्णांचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या छापखान्यात एका सभेच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. ‘‘तुझी अक्का गेली बघ,’’ एवढंच म्हणाले. फोन ठेवला आणि मी उरलेल्या तीन चुका दुरुस्त केल्या. एका वेलांटीवर लाल खूण केली, तीसुद्धा आठवते. मग खाली येऊन गाडीला किल्ली लावू लागले, तर किल्ली लागेना… पाच आठवडे झाले त्याला.

शांताक्का आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरची कांडप चालवायची. बसूअण्णा तिचे यजमान. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, कर्नाटकाला चिकटून, त्यामुळं ती मला ‘तंगी’ म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. ‘‘अक्का, मी तुझ्या मुलीच्या वयाची आहे,’’ असं एकदा म्हटलं, तर म्हणाली, ‘‘मुलगी म्हटलं की लग्न लावून द्याय लागतंय. तंगी बरी.’’ उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून न्यायला बायका डबे घेऊन रांगेत उभ्या असायच्या. तिखट उडायचं, रांगेतला प्रत्येक जण शिंकायचा, ठसकायचा, डोळे पुसायचा. त्या दुकानात कुणी खोकलं तर कुणी वळूनही बघत नसे. हे आता लिहिताना कळतंय.

माझे बाबा कागलच्या एमआयडीसीत कामाला, आणि कामगार संघटनेत. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळं जगात काहीही चुकीचं दिसलं की त्यावर एक पत्रक निघालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. एकदा मोर्चात ओरडून माझा घसा बसला. दुकानातून आणलेल्या औषधाच्या बाटलीवर पानाफुलांचं चित्र, आत रंग आणि साखर. अक्कानं ती बाटली वास घेऊन बाजूला ठेवली आणि कांडपामागच्या स्वयंपाकघरात मला पाटावर बसवलं. अडुळशाची पिकून पिवळी झालेली पानं तिनं तव्यावर मऊ होईतो शेकली, फडक्यात घालून पिळली. शेजारच्या भांड्यात ज्येष्ठमध, बेहड्याची साल, सुंठ आणि मिरी यांचं पाणी पाव हिश्शावर आलं होतं. दोन्ही एकत्र केलं आणि वर काकवी ओतली. ‘‘मध का नाही?’’ मी विचारलं. ‘‘खरा मध कोण देतंय आता? काकवी गुऱ्हाळात डोळ्यासमोर तयार हुती.’’ दोन दिवसांत माझा घसा मोकळा झाला. मला पत्रकाचा विषय मिळाला.

‘खोकला आपला, औषध आपलं’. मथळा माझा, बाकी सगळं अक्काचं. ती पानं पिळता पिळता सांगत होती, मी लिहीत होते. शेवटी म्हणाली, ‘‘आणि हे लिही. पंधरा दिवसांत खोकला हटला न्हाय तर दवाखाना गाठायचा. हे घशाचं औषध हाय, छातीच्या रोगाचं न्हवं.’’ मी लिहून घेतलं. छापखान्यात मजकूर एका पानाला दोन ओळी जास्त झाला. मालक म्हणाले, अक्षर बारीक करा नाहीतर काहीतरी काढा. अक्षर बारीक केलं तर म्हाताऱ्या बायकांना वाचता येणार नाही. मग खाली दोनच गोष्टी उरल्या, अक्काचं ते दवाखान्याचं वाक्य आणि माझी घोषणा, ‘आपलं आरोग्य आपल्या हातात!’ मी घोषणा ठेवली. जागा नव्हती हे खरं, पण पुरतं खरं नाही. ते वाक्य मला पत्रकाची धार बोथट करणारं वाटलं होतं.

छापलेलं पत्रक अक्कानं ओळीखाली बोट धरून वाचलं. शेवटाला बोट थांबलं. ‘‘दवाखान्याचं न्हाय आलं व्हय?’’

‘‘जागा नव्हती, अक्का.’’

‘‘असू दे. तुला कळतंय की त्यातलं.’’

पत्रक फिरलं आणि ती ‘खोकल्याची अक्का’ झाली. गडहिंग्लजच्या एसटीतून बायका रिकाम्या बाटल्या घेऊन उतरू लागल्या. तिनं पत्रक वजनकाट्याच्या वर, भिंतीला चिकटवलं. मीही चारचौघांत मिरवलं… की बघा, एका पानानं काय होतं!

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी गेले, तर कांडप चालू होतं आणि अक्का दिसत नव्हती. आत डोकावले. यंत्रात मिरची नव्हती. लोखंड नुसतं लोखंडावर आपटत होतं आणि मागं भिंतीला टेकून अक्का तोंडात पदर कोंबून खोकत होती. मी बटण बंद केलं. मग तो खोकला ऐकू आला… तिखटाचा ठसका असा नसतो.

‘‘किती दिवस झाले, अक्का?’’

‘‘चालू कर की ते. गिऱ्हाईक येतंय.’’

‘‘दवाखान्यात जाऊ. आत्ता.’’

‘‘खुळी हाईस काय? खोकल्याची अक्का दवाखान्याच्या रांगेत बसली, तर माझं औषध नेलेल्या बायका काय म्हणतील?’’ मग डोळे पुसून हसली. ‘‘आणि तुझ्या पत्रकात कुठं लिवलंय दवाखान्यात जा म्हणून?’’

ती चेष्टा करत होती. मला ती चेष्टाच असायला हवी होती, म्हणून मीही हसले. हसून घरी गेले. पुढचे दोन महिने मी तिला सांगत राहिले आणि ती ‘बघू की’ म्हणत राहिली. मी तिला ओढून न्यायला हवं होतं. मी तावातावानं बोलले, आणि बोललं म्हणजे केलं असं मानत आले.

उचलूनच न्यावं लागलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. क्षय. डॉक्टर कुणाकडंच न बघता म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर सहा महिने गोळ्या खाऊन बरा होणारा आजार आहे. तिसऱ्या दिवशी तोंडाला मास्क बांधून मी तिच्या खाटेशी उभी राहिले आणि सांगितलं, ‘‘अक्का, ती ओळ मी मुद्दाम काढली होती.’’ तिनं बराच वेळ श्वास गोळा केला. ‘‘मला पाठ हुती की गं ती,’’ म्हणाली. ‘‘माझीच की.’’ तिनं मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही.

पत्रक मी पुन्हा छापलंय. या वेळी ती ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरात आहे, आणि घोषणा काढून टाकलीय. पहिली प्रत बसूअण्णांना नेऊन दिली. ‘‘झ्याक छापलंयस,’’ म्हणाले आणि खोकले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ‘‘तिखट हाय गं,’’ म्हणाले. कांडप पाच आठवडे बंद आहे.

आरोग्यसेविका दोनदा येऊन गेली. थुंकी तपासायला दिलेली प्लास्टिकची डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर रिकामीच आहे. तिच्याशेजारी अक्काच्या हातची शेवटची बाटली आहे. अण्णा रोज सकाळी तिच्यातलं घेतात. मी विनवलं, भांडले, रडले. ते एकदाही रागावले नाहीत. ‘‘जातो की. एवढी बाटली संपू दे, मग जातो,’’ म्हणतात. हा लेख छापून आला की ते वाचतील. गल्लीसमोर मांडलं म्हणून त्यांना राग येईल, येऊ दे… रागानं का होईना, जाऊ देत.

कालही गेले होते. ते पाटावर बसून औषध घेत होते. आधी पोह्यांच्या चमच्यानं घ्यायचे. आता मिठाच्या बरणीतला चिमुकला चमचा धुऊन घेतलाय, आणि तोही अर्धाच भरतात.